सिलिंडरवरची पट्टी

रवि., ८ मार्च

आमच्या पाणबुड्यांच्या क्लबचा सराव होता, वडजच्या धरणात. शैला मॅडम आणि किसन जोडीनं खाली. मी काठावर किसनची दोरी धरून, पारसशेठ घड्याळ धरून. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे ओढ. अकराव्या मिनिटाला दोरी ढिली पडली. एकही हिसका नाही. मी बोंबललो तोवर मॅडम त्याला काखेत धरून वर घेऊन आल्या. किसनचे डोळे उघडे, पण बघत कुणाकडंच नव्हता. काठावर उलट्या. मग मला विचारतो, "बाळू, भात लावून झाला का?" मार्च महिन्यात!

जुन्नरला दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तेव्हा चारच्या सुमारास माणसात आला. डॉक्टर म्हणाले, धूर-बीर नाकात गेला होता का कुठला? शेठ नाही म्हणाले, मॅडम नाही म्हणाल्या. मीही नाही म्हणून मान हलवली.

शेठ म्हणाले, घाबरला असेल. जैन माणूस, सूर्य बुडाला म्हणून बिचारे जेवलेही नाहीत, तसेच मंचरला गेले.

अजून एक. सगळे किसनच्या भोवती होते तेव्हा त्याच्या सिलिंडरवरची पट्टी मी नखानं सोलली आणि खिशात घातली. आता ती या वहीत ठेवलीय. का काढली ते आज लिहवत नाही.

सोम., ९ मार्च

लिही लेका. इथं कोण वाचतंय.

क्लबचे सिलिंडर तीन. पूर्वी हवा भरायला पुण्याला जावं लागायचं. गेल्या साली सेकंडहँड कंप्रेसर घेतला आणि तो माझ्या दुकानामागच्या शेडात बसवला, कारण राजुरीत मोटारी वाइंडिंग करणारा मी, मला मशीन कळतं. (कळतं!) नियम मीच केला होता : ज्यानं भरलं त्यानं आधी स्वतः दोन श्वास ओढायचे, वास नाही ना बघायचं, मग पांढऱ्या पट्टीवर नाव लिहून सिलिंडरला चिकटवायची. नाव म्हणजे हमी.

मॅडमचा सिलिंडर गुरुवारीच भरून ठेवला होता, लाईटवर. राहिले दोन. शनिवारी दिवसा थ्री फेज नव्हती. मेव्हण्याचा मांडवाचा धंदा, त्याचा डिझेल जनरेटर आणला. ऊन लई, म्हणून चिंचेखाली सावलीला लावला. आता कंप्रेसरची हवा ओढायची नळी कुठं असते? चिंचेकडच्या खिडकीतून बाहेर, बांबूला बांधलेली. कुणी बांधली? मीच. जनरेटरचा धूर, नळीचं तोंड, मध्ये दोन हात अंतर. चालू केलं आणि चहाला गेलो.

नाक सर्दीनं चोंदलेलं. दोन श्वास ओढले, कपाळ वास येणार. दोन्ही पट्ट्यांवर नाव लिहिलं. एक सिलिंडर किसननं लावला. दुसरा शेडात उभा आहे.

मंगळ., १० मार्च

आज नाक मोकळं. दुसऱ्या सिलिंडरची चावी जराशी उघडली. ट्रकच्या मागं स्कूटर चालवताना येतो तो वास. लगेच बंद केली.

त्याला लाल फडकं बांधलं आणि कोपऱ्यात सरकवला. मंगल म्हणाली, "ह्याला कशाला वं फडकं? देव केलाय का त्याचा?" म्हटलं, चावी खराब आहे. बायकोशीही खोटं सुरू झालं.

गुरु., १२ मार्च

बाकीचे दोन लाईटवर भरून ठेवले. सात-आठ वेळा वास घेतला. तो तिसरा रिकामा करायला गेलो आणि हात थांबला. ती हवा सोडून दिली की पुरावा गेला, मग सांगणारा मी एकटाच, आणि मी काय सांगतोय ते दिसतंयच. म्हणून ठेवलाय. शूरपणा असा की ठेवलाय फक्त.

रवि., १५ मार्च

शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात मीटिंग. पाइपांच्या बंडलावर बसून. तालुक्याच्या बचाव पथकात क्लबचा एक पाणबुडा द्यायचाय. नाव किसनचंच ठरलं होतं, त्याच्यासारखं पाण्यात कोण आहे आमच्यात? शेठ म्हणाले, "माझा जीव आहे त्याच्यावर. पण खाली घाबरला तो माणूस पुन्हा खाली नको. त्यानं काठावर दोरी धरावी." किसन कोपऱ्यात उभा होता. पायात घालायचे पंख पिशवीतून आणले होते, ते काउंटरवर ठेवले आणि तळेघरची गाडी चुकेल म्हणून निघून गेला.

मग शेठ म्हणाले, "बाळू, तुझं नाव देतो."

तोंड उघडलं होतं मी. देवाशप्पथ उघडलं होतं. त्यातून निघालं काय, तर "बरं शेठ".

मॅडम बाहेर गाडीपाशी थांबल्या होत्या. "बाळूभाऊ, त्या सिलिंडरवर पट्टी दिसली नाही मला." म्हटलं, पाण्यात निघाली असेल. त्या पेठच्या शाळेत पोरांना खेळ शिकवतात, रोज शंभर पोरांची खोटी कारणं ऐकतात. नुसतं बघितलं आणि गाडीला किक मारली.

गुरु., १९ मार्च. पाडवा

पथकात नाव लागलं म्हणून मंगलनं श्रीखंड केलं. आमचे म्हातारे, मेंढरामागं जन्म गेला, पाण्याची एवढी धास्ती की उन्हाळ्यात ओढा सुकला तरी त्यांना आनंद व्हायचा, ते म्हणाले, "पाण्यातली नोकरी का? पोहता तरी येतं का त्याला?" सगळे हसले. मीही हसलो. दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

मंगळ., २४ मार्च

तळेघरला गेलो. सांगायचंच असं ठरवून. एसटी फाट्यापर्यंत, पुढं दीड तास चाल. वाटेत सगळं पाठ केलं : किसन, चूक माझी होती. एवढंच तर आहे. लहान पोर म्हणेल.

किसन खाचराच्या बांधावर दगड रचत होता. बारीक झालाय. आईनं नाचणीची भाकरी आणि ठेचा दिला. बरं वाटलं बघून, म्हणाली. मी खाल्लं.

मग तो आपणहून बोलायला लागला. "रोज जातो डोहावर. लहानपणापासनं उड्या मारल्या त्या डोहात. आता गळ्यापत्तुर पाणी आलं की छातीत धडधडतंय, माघारी येतो. गावात पोरं म्हंत्यात, पाणबुड्या पान्याला भ्याला. बाळू, मी कवाच भ्यालो न्हाई रं. त्या दिशी काय झालं मला? तू काठावं व्हतास, तू बघितलंस. मी वरडलो का खाली? हातपाय झाडलं का?"

म्हटलं, नाही.

"मंग?"

मी म्हटलं, होतं एखाद्या वेळी.

होतं एखाद्या वेळी! थू माझ्या जिंदगानीवर. उतरताना त्यानं अर्ध्या वाटेपर्यंत सोबत केली आणि पथकात नाव लागल्याबद्दल माझा हात हातात घेतला. "तू हाईस म्हून बरं वाटतंय," म्हणाला. म्हणजे माझ्यामुळं त्याला खाली जाता येत नाही, आणि त्याला बरं वाटतंय.

शनि., २८ मार्च

शैला मॅडमचा फोन. तिसरा सिलिंडर भरलाय ना, विचारत होत्या. म्हटलं भरलाय. हे एक वाक्य तेवढं खरं.

चिठ्ठी लिहिली शेठना. तीनदा लिहिली. तिन्ही वेळा जनरेटरपाशी आलो की वाक्य आपोआप "लाईट नसल्यामुळे" असं सुरू व्हायचं. लाईटीनं काय केलंय? फाडल्या.

शनि., ४ एप्रिल

हे सावकाश, नीट लिहायचं.

साडेबाराला शेठचा फोन. डिंभ्याच्या बॅकवॉटरला एक शेतकरी पंपाच्या पाइपाच्या तोंडचा, गाळात अडकलेला फुटव्हॉल्व सोडवायला उतरला, वर आला नाही. सकाळची गोष्ट, म्हणजे माणूस जिवंत मिळायची आशा नव्हती. पण घरच्यांना तो हवा होता. "तिन्ही सिलिंडर घेऊन ये."

तिन्ही.

दोन गाडीत टाकले. तिसऱ्यापाशी उभा राहिलो. चावी खराब आहे म्हटलं असतं तर विषय मिटत होता, मंगलला तेच सांगितलंय. फडकं सोडलं, फेकलं नाही, खिशात ठेवलं, आणि सिलिंडर गाडीत टाकला. का ते मला अजून सांगता येत नाही.

काठावर पन्नास-साठ माणसं. बायका झाडाखाली. त्या माणसाचा थोरला भाऊ पाण्यात गुडघाभर उभा, कुणाचं ऐकत नव्हता. किसनही आला होता, निरोप मिळाला तसा डोंगर उतरून, दोरी धरायला.

शेठ आणि मॅडम दोन चांगले सिलिंडर लावून उतरले. पाणी गढूळ, खाली जुन्या बांधांचे दगड, पाइप, वायरी. अर्ध्या तासानं रिकामे वर. शेठचा सिलिंडर संपलेला, मॅडमच्यात अर्धी हवा. एकट्यानं उतरायचं नाही हा क्लबचा नियम. शेठ धापा टाकत म्हणाले, "आता मॅडम आणि बाळू. तिसरा लाव."

मी हललो नाही. आणि किसन म्हणाला, "शेठ, मी जातो. हितल्या बांधांची मला म्हाइती हाय. आमच्या मामाचं वावर व्हतं हितं." त्याचे ओठ पांढरे पडले होते. भीती वाटत होती त्याला, साफ दिसत होतं, आणि तरी म्हणाला. शेठनी त्याच्याकडं बघितलं, पाण्यातल्या त्या भावाकडं बघितलं आणि म्हणाले, "जा."

किसननं तिसरा सिलिंडर उचलला. पट्टीवर माझं नाव. त्यानं ते वाचलं आणि पट्टीवरून अंगठा फिरवला, आम्ही सगळेच फिरवतो तसा, आणि पाठीवर घ्यायला वाकला.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. त्याच्या हातातून सिलिंडर ओढून घेतला, जमिनीवर ठेवला आणि चावी पूर्ण उघडली. सूं करून हवा सुटली. काठावरचे लोक मागं सरले. "वास घ्या," म्हटलं. "शेठ, मॅडम, वास घ्या. ह्यात धूर हाय. त्या दिवशी किसनच्या सिलिंडरात हाच व्हता. मी भरला. जनरेटर खिडकीपाशी लावला. पट्टी मी काढली. डॉक्टरला मी बोललो न्हाई. किसन घाबरला नव्हता."

शेठनी वाकून वास घेतला, मग मॅडमनी. बराच वेळ लागतो भरला सिलिंडर रिकामा व्हायला.

किसन म्हणाला, "म्हंजी मी भ्यालो नव्हतो."

"न्हाई."

"मी भ्यालो नव्हतो," परत म्हणाला, मला नाही, शेठना. आणि खाली बसला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पाण्यातला तो भाऊ आमच्याकडं बघत होता. त्याला ह्यातलं काय कळणार? म्हणाला, "अवो पावणं, मंग आता पाण्यात कोण जातंय?" अर्ध्या सिलिंडरवर मॅडमना एकटीला सोडता येईना. शेठनी त्याला सांगितलं, उद्या सकाळी. म्हणजे तो माणूस आजची रात्रही पाण्यात, आणि त्याचं कारणही मीच. झाडाखालच्या बायकांकडं बघायची हिंमत झाली नाही.

शेठ माझ्याशी बोलले ते एवढंच : "सकाळपर्यंत तिन्ही भर." किसन कुणाच्या तरी मोटारसायकलवरून गेला.

मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "महिनाभर?"

रवि., ५ एप्रिल. सकाळ, साडेसात

सहाला थ्री फेज आली. शटर उघडलं तर किसन पायरीवर बसलेला. ओतूरला बहिणीकडं राहिला होता म्हणे. राम राम नाही, काही नाही. शेडात आला, आधी खिडकीबाहेर डोकावून बघितलं. चिंचेखाली काही नव्हतं. मग नळीचं तोंड स्वतः हातानं चाचपलं. मी मशीन चालू केलं. तिन्ही भरेपर्यंत तो तिथंच उभा, मीही. चहाला गेलो नाही.

भरून झाल्यावर म्हणाला, "ओढ."

पहिल्यातून दोन श्वास घेतले. "अजून," म्हणाला. अजून घेतले. तिन्हीतून, तो पुरे म्हणेपर्यंत. मग पट्टी कापून माझ्यापुढं धरली. मी नेहमीसारखं "बाळू" लिहिलं. त्यानं ती चुरगळली, दुसरी कापली.

"पुरं लिव्ह. आडनावासकट."

लिहिलं. तीनदा. त्यानं एकेक वाचून स्वतः चिकटवली.

शेठचा फोन आला, कोण उतरणार ते काठावर ठरवू म्हणाले. पथकाचं, क्लबचं, माझं काय ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. किसनला म्हटलं, पुढं बस. बसला नाही. मागं सिलिंडरांपाशी बसलाय, एका हातानं तिन्ही धरून. गाडीचा पत्रा वाजवून झाला त्याचा दोनदा. निघतो.