गोळीला लावायचं मेण

अण्णा, तुमची बंदूक म्हातारपणामुळे सुटली नाही, ती माझ्यामुळे सुटली, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढी वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलो, की आमच्या अण्णांची नजर अधू झाली म्हणून त्यांनी ठासणीची बंदूक आपणहून पोलीस ठाण्यात जमा केली. तुम्हीच तसं सांगितलं होतंत, आणि तुमच्या शब्दावर शंका घ्यायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

मी अजून कतारमध्येच, दुखानला आहे. पंपांना आणि कॉम्प्रेसरना कुठलं ग्रीस घालायचं, किती दिवसांनी घालायचं, हे ठरवण्याचा पगार घेतो. कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या आहेत, बायको आणि मुलगी पुण्याला. दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून घरी आलं की तोंडाला काम उरत नाही. मराठी बोलायला इथे एकच माणूस होता, स्टोअर सांभाळणारा रत्नागिरीकडचा चाचा. माझ्या आधीपासून इथे. गेल्या शुक्रवारी तो कायमचा गावी गेला. आदल्या दिवशी त्याच्या खोक्यांना दोऱ्या बांधायला मी गेलो होतो. बोलता बोलता म्हणाला, भावाकडे आजोबांच्या वेळची परवान्याची बंदूक आहे, ठासणीचीच, माकडांनी नारळ ठेवले नाहीत. मी लगेच शहाणपणा पाजळला. म्हटलं, “चाचा, मग ग्रीसची एक ट्यूब घेऊन जा ना. मी अण्णांना नेली होती तशी.”

चाचाने हातातली दोरी खाली ठेवली. “बंदुकीला? मशीनचं ग्रीस? अरे, काळ्या दारूला ते चालत नाय रे बाबा. जळून नळीत डांबर होतं त्याचं. पहिला बार होतो नि दुसरी गोळी अर्ध्यात अडकते. भावाने केला होता एकदा असला शहाणपणा. खलास! उकळत्या पाण्यानेसुद्धा नळी साफ होईना. गोळीला मेण नि मुठेल, दुसरं काय नाय.” मग दोरी पुन्हा उचलत त्याने विचारलं, “तुझ्या अण्णांनी लावलेलं काय?”

मी म्हणालो, “छे, तशीच पडून राहिली.” आणि पुढच्या खोक्याला दोरी आवळायला घेतली.

मेण आणि मुठेल. हे मला रत्नागिरीच्या माणसाने सांगायला हवं होतं? डोळे मिटले की मी पुन्हा लहान आहे, पावसाळा सरत आलाय. मागीलदारच्या चुलीवर तुमची लोखंडी पळी तापतेय. जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं तुम्ही खारव्यांकडून मागून आणलेली. शिसं वितळून चकाकायला लागलं की तुम्ही पितळी साच्यात एका धारेत ओतता आणि मला दोन पावलं मागे उभं करता. गोळ्या निवल्या की तुमचं खरं काम सुरू होतं. ह्यांना लावायचं काय? खोबरेल थंडीत थिजतं आणि उन्हात ओघळून दारू भिजवतं. बोकडाच्या चरबीला मुंग्या लागतात, आणि आईने ती चुलीवर चढूच दिली नसती. उंडीच्या बियांचं उंडेल लावावं तर वासानेच डुक्कर बांधावरून परत फिरेल. नुसतं मेण कडक, गोळीभोवती गुंडाळायच्या चिंधीला धरत नाही. म्हणून काजूवरच्या मोहोळाचं मेण तीन वाटे आणि कोकमाच्या बियांचं मुठेल दोन वाटे. डब्यात वितळवून त्यात एकेक गोळी बुडवायची आणि केळीच्या पानावर मांडायची. त्यातली एक तुम्ही खिडकीत उन्हाला ठेवता. ओघळली तर मेण वाढवायचं, नखाने टवका उडाला तर मुठेल. डब्यात उरलेलं आई टाचांच्या भेगांना लावते आणि दर वर्षी तेच म्हणते, “एकाच डब्यात माझ्या पायांची भेग आणि डुकराचा मराण!” तुम्ही दर वर्षी तितकेच हसता.

मी तुम्हाला विचारलं होतं, की मेणामुळे गोळी जोरात जाते का. तुमचं उत्तर मला आज शब्दन् शब्द आठवतंय, तेव्हा कुठे गेलं होतं कोण जाणे. “गोळयेक फुडे धाडूक दारू आसा. मेण लावूचा ता मागे रवणाऱ्या काजळीसाठी. काजळी मऊ रवली तर फुडच्या गोळयेक वाट गावता.” पुढे मी ह्याच विषयात शिकलो, ह्याच विषयात नोकरीला लागलो, सर्टिफिकेटं मिळवली. वंगणाचा गुळगुळीतपणा किती, ते कुठल्या तापमानाला टिकतं, सगळं कोळून प्यायलो. मागे काय उरतं, हे मात्र विचारायचं राहिलं. आमच्या पंपांत काही जळत नाही ना.

ती गणपतीतली संध्याकाळ मला कशी विसरता येईल? आरती होऊन वाडीतली माणसं ओटीवर बसली होती. मी पेटी उघडून आईला घड्याळ दिलं, काकीला सेंट, शेजारच्यांना टॉर्च, आणि तुमच्या हातात ती काळ्या ग्रीसची ट्यूब ठेवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी चारचौघांत म्हणालो, “अण्णा, ते मेण-बिण आता पुरे करा. जग कुठे गेलं! ह्याच्यावर तिकडे मोठमोठी मशिनं चालतात.” अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे आम्ही! तुम्ही ट्यूब उलटसुलट पाहिलीत. थेंबभर अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळलंत, वास घेतलात. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. चिंधीवरची काजळी नुसती बोटाने चाचपून मेण कमी की मुठेल, हे सांगणारा माणूस तो. पण तुम्ही “बरा” एवढंच म्हणालात, आणि पानाचं तबक पुढे करणाऱ्या शेजाऱ्याला ट्यूब दाखवलीत. “माझ्या झिलान कतारसून मुद्दाम हाडल्यान. थंय मशिनींक लावतत.”

भात कापणीला आलं तेव्हा मी इकडे होतो. फोनवर आई म्हणाली, “अण्णांच्या हाताक लागलां. बंदुकीत गोळी ठासूचो गज मोडलो.” मग तुम्ही फोन घेतलात. “जुना लाकूड ता. आणि माका दिसाकय कमी झालाहा. बंदूक देवन टाकलंय ठाण्यात.” मला तर सुटल्यासारखं वाटलं. म्हातारा माणूस आता रात्री शेतातल्या माळ्यावर चढून बसायचा नाही, चिंता मिटली. “बरं केलंत,” म्हणालो. हात कितपत दुखावलाय, हेही विचारलं नाही. शिफ्टची गाडी दारात उभी होती.

दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात आणि मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आईने तेव्हा सगळं सांगितलं होतं. डुकरांचा कळप मळ्यात उतरला, पहिला बार झाला, दुसरी गोळी अर्ध्या नळीत अडकली. तुम्ही जोर लावलात आणि गज मोडून तळहातात घुसला. अडकलेल्या गोळीवर चाप ओढायचा नाही, हा तुमचाच नियम. म्हणून तुम्ही भरलेली बंदूक मांडीवर घेऊन बसून राहिलात आणि डुकरांनी भाताचे खालचे दोन्ही कोपरे लोळवले. वाडी म्हणाली, अण्णा म्हातारे झाले. तुम्ही म्हणालात, होय, झालो. आईचं ऐकून मी तरी काय म्हणालो? जुनं लाकूड, मोडणारच.

आणि कोनाड्यात ती ट्यूब होती, मेणाच्या डब्याशेजारी. अर्धी संपलेली, शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेली, तुम्ही दंतमंजनाची ट्यूब गुंडाळायचात तशी. मला तेव्हा भरून आलं होतं. वाटलं, अण्णांनी माझं ऐकलं, माझी वस्तू वापरली. हा आनंद मी अठरा वर्षं जपला, अण्णा. आता तो आठवावासाही वाटत नाही. तुम्ही नळी धुऊन, नवा गज करून पुन्हा मेणावर जाऊ शकला असतात. पण मग वाडीने विचारलं असतं, की झिलाच्या ग्रीसचं काय झालं? त्यापेक्षा तुम्ही डोळ्यांवर ढकललंत. माझ्या फुशारकीची लाज तुम्ही राखलीत आणि स्वतः म्हातारे ठरलात. एकदा रागवायचं होतंत मला. फोनवर आईमाईवरून शिव्या घातल्या असत्यात तरी आज बरं वाटलं असतं.

आज शुक्रवार. चाचाच्या खोलीला कुलूप आहे. मी दोह्याला जाऊन मधवाल्याकडून मेणाची वडी आणली. मुठेल घरातच होतं, बायको दर वर्षी पाठवते. सेफ्टी बुटांनी टाचांची वाट लावली आहे. तीन वाटे, दोन वाटे, पातेलं मंद आचेवर. वास सुटला, अगदी आपल्या मागीलदारचा. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. “बाबा, व्हॉट आर यू कुकिंग?” म्हटलं, तुझ्या आजोबांची गंमत आहे, सांगू? “लेटर, बाबा, आय हॅव क्लास,” म्हणाली आणि गेली. तिचं चुकलं नाही, मीही शिफ्टची गाडी गाठलीच होती. थोडं मिश्रण बशीत घेऊन खिडकीत उन्हाला ठेवलं. इथल्या उन्हात पाच मिनिटांत ओघळलं. इथे मेण चार वाटे लागेल. हे सांगायला फोन उचलला, आणि कुणाला सांगणार म्हणून खाली ठेवला.

हा कागद टाकायला पेटी नाही, तेव्हा तो तुमच्या डब्यासारखा कोनाड्यात राहील. पण चाचा सोडून कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट लिहून टाकतो. ती ट्यूब मी विकत घेतली नव्हती. मुदत संपून भंगारात निघाली होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी चाचाने सगळ्यांसाठी काय काय घेतलंस म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुमच्यासाठी काहीच घेतलेलं नाही. कशाला लावणार हे न विचारता त्याने भंगाराच्या खोक्यातून ती उचलून माझ्या हातावर ठेवली.

मुद्दाम नव्हती आणली, अण्णा. मी तुम्हाला विसरलो होतो.