अध्यक्ष व्हायचं तर गैरहजर राहा

३ मे, रविवार
माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, पोर्ट ट्रेगन सेवा क्लबपुरत्या: सहा शेगड्यांचा बार्बेक्यू ट्रेलर (वेल्डिंग स्वतःचं, शिकवलं कुणी नाही). अध्यक्षांचा हातोडा, जुन्या धक्क्याच्या लाकडाचा. घंटेचं स्टँड. सोडतीचं पिंप, न अडखळता फिरणारं. भाषणाचं टेबल, उतार बारा अंश. बिल्ले लावायचा फळा. सार्जंटचा दंडा, पितळी टोपणासकट.

एवढं ज्यानं केलं, त्याला बावीस वर्षांत एकदाही अध्यक्ष केलेलं नाही. एकही मीटिंग चुकवलेली नाही, तरीसुद्धा.

२६ तारखेला निवडणूक. यंदा मीच. संकल्प: तोवर कुणावरही हात उचलायचा नाही. (गेल्या वर्षीचा प्रकार यात मोडत नाही. तो पाय होता.)

५ मे, मंगळवार
मीटिंग. जेवणात पेस्टी (मटण-बटाट्याची भाजलेली मोठी करंजी) आणि मटार. नंतर मी सार्जंट, म्हणजे क्लबचा शिस्तपालक, म्हणून दंडवसुली केली. इतर क्लबांत हा थट्टेचा कार्यक्रम असतो. कुणी नवी गाडी घेतली, दोन डॉलर. कुणाचा फोन वाजला, एक. डब्यात टाकायचे आणि खिदळायचं. म्हणूनच इतर क्लबांना शिस्त नाही. मी मोजपट्टी घेऊन जातो.

कॉलिन ऑजर्स, प्लंबर, याचा बिल्ला तीन मिलिमीटर तिरका. दंड एक डॉलर. म्हणाला, "लेका लायल, ती पट्टी तुझ्याच घशात घालीन." उद्धटपणाचे आणखी दोन. त्यानं पाव फेकून मारला. मी दंडा फक्त आडवा धरला होता. पुढे येण्याचा वेग सर्वस्वी कॉलिनचा. दात एक, वरचा. आधीपासून हलत असावा.

एडनाबाई आमच्या खजिनदार. निम्म्या गावाला त्यांनीच शाळेत शिकवलंय. त्या म्हणाल्या, "लायल, दंड गोळा करतोयस की दात?" सगळे हसले. लोकप्रियता टिकून आहे.

९ मे, शनिवार
हार्डवेअरच्या दुकानाबाहेर आमचा सॉसेजचा स्टॉल, जीवरक्षकांच्या नव्या बोटीसाठी. कांदा चार मिलिमीटरचा कापायचा, हे मी लिहून टांगलेलं आहे. बेव्हन स्पार्क्स, खाटीक, सॉसेज त्याचेच. त्यानं अंगठ्याएवढे तुकडे पाडले. मी सांगितलं. तो म्हणाला, "कांदा आहे बाबा, घड्याळ नाही." मी पुन्हा सांगितलं. त्यानं कांद्याची परात माझ्या डोक्यावर पालथी घातली.

मी चिमट्यानं त्याचं नाक धरलं. नुसतं धरलं. सोडणारच होतो. तेवढ्यात त्यानं ट्रेलरचं झाकण माझ्या बोटांवर आपटलं. झाकण उत्तम बसतं, कुठेही फट नाही. बोटं साक्षीला आहेत. या ओढाताणीत गॅसची नळी निसटली आणि भडका उडाला. माझ्या भुवया गेल्या, दोन्ही. बेव्हनचा एप्रन पेटला, तो त्यानं सरबताच्या पिंपात बसून विझवला. रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, हा खेळ पुन्हा किती वाजता आहे? तिला एक सॉसेज जादा दिलं.

ट्रेलरच्या वेल्डिंगला कुठेही तडा नाही.

ग्लेनिस मलम लावताना म्हणाली, "अध्यक्ष व्हायचंय ना? मग आधी माणसं भाजायचं बंद कर." मी म्हणालो, भाजलो मीच. बायको म्हणून तिनं ऐकायला हवं होतं. मलमाचं झाकण लावून निघून गेली.

१२ मे, मंगळवार
मीटिंग. बेव्हनच्या नाकावर पट्टी, तीही तिरकी. दंड केला नाही. मतं लागणार आहेत. याला राजकारण म्हणतात.

घरी येऊन ग्लेनिसला सांगितलं, की या वेळी मी सरळ उभा राहतोय. ती विणता विणता म्हणाली, "अरे, तुमच्या क्लबात उभं राहून कधी कोण अध्यक्ष झालंय? निवडणुकीच्या मंगळवारी जो यायचा चुकला, त्याच्या गळ्यात अध्यक्षाची साखळी. काम नकोच असतं कुणाला. शेंबड्या पोराला ठाऊक आहे हे. तू मेला बावीस वर्षं पहिल्या रांगेत जाऊन बसतोस."

१३ मे, बुधवार
मी स्वतः लावलेला शोध (ग्लेनिसनं फक्त विषय काढला): रॉस्लिन, आत्ताची अध्यक्ष, निवडणुकीच्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिच्या आधीचा दाढ काढायला. त्याच्या आधीचा खेकडे धरायला. परत येऊन बघतात तर साखळी तयार. खेकडेवाला तर रडला होता. मला वाटायचं, आनंदानं.

म्हणजे माझ्या नियमितपणानंच माझा घात केला. दोष माझा म्हणता येणार नाही. गुण आहे तो.

संकल्प: २६ला गैरहजर. अत्यंत गुप्त.

१६ मे, शनिवार
गुप्तता कडक पाळली. फक्त न्हाव्याला सांगितलं, आणि तिथे बसलेल्या चौघांना. स्वीकाराचं भाषण लिहून झालं. अकरा पानं. नम्र आहे.

२२ मे, शुक्रवार
गंमत म्हणजे यंदा झाडून सगळे येणार. डेस मॅकाबीनं हर्नियाचं ऑपरेशन पुढे ढकललं. पंचाऐंशी वर्षांचा हॉरी प्राणवायूचं नळकांडं घेऊन येतोय. रॉस्लिननं घरोघर फोन केले, की मेलात तरच चुकवा, आणि मेलात तरी आधी कळवा.

एवढे साक्षीदार! या प्रेमाला काय म्हणावं?

एडनाबाईंचा मलाही फोन आला. "बाळा, तू नेहमीसारखा येणार आहेस ना? ये हं. पाया पडते." बाईंनी आयुष्यात कुणाला असं विनवलेलं नाही. मी म्हणालो, प्रकृती बघून सांगतो. पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला.

२६ मे, मंगळवार, संध्याकाळ
मागच्या शेडमध्ये आहे. दाराला आतून कडी, गेल्या आठवड्यात मीच केलेली. ट्रॅक्टरच्या जुन्या धुऱ्याचं पोलाद. घंटा वाजताच पहिला विषय निवडणूक असतो. तोवर बाहेर पडायचं नाही. ग्लेनिसला सांगून ठेवलंय, कुणी आलं तर मी घरी नाही. ती म्हणाली, हे खरं असतं तर काय बहार आली असती.

गाडीचा आवाज येतोय.

२७ मे, बुधवार. दवाखाना
डाव्या हातानं लिहितोय.

घडलं ते क्रमानं. दाराशी बेव्हन आणि कॉलिन. बेव्हन आधी गोड आवाजात, "लायल, चल की रे. तुझ्याशिवाय दंड कोण करणार आम्हाला?" मी म्हणालो, मी इथे नाही. कॉलिन म्हणाला, "मग बोलतंय कोण, तुझी पक्कड?"  गैरहजर माणूस उत्तरं देत नाही.

मग बेव्हनचा गोडवा आटला. "हे बघ, तू सोडून सगळे आलेत. तू नाही आलास तर अध्यक्ष होशील. आणि तू अध्यक्ष झालास तर मी क्लब पेटवून देईन. नीघ बाहेर!" मत्सर माणसाला कुठे नेतो!

त्यांनी कडीवर घण घातले. हलली नाही. पहार घातली. पहार वाकली. घंटेची वेळ जवळ येत चालली तसा कॉलिन रडकुंडीला आला. शेवटी बेव्हननं दाराला पट्टा बांधला, दुसरं टोक गाडीला, आणि गाडी दामटली. कडी निघाली नाही. भिंत निघाली. याची नोंद कुठेतरी राहायला हवी, म्हणून इथे करतो.

नंतर मारामारी. मी हिंसेच्या विरुद्ध आहे. पाना आधी कुणी उचलला हा मुद्दा गौण. कॉलिनच्या डोक्यात हिरव्या रंगाचा डबा गेला, चार लिटरचा, न उघडलेला. लागल्यावर उघडला. त्यानं माझा उजवा हात शेगडीच्या पायासारखा पिरगळला. बेव्हनचा कान माझ्या तोंडात कसा आला, सांगता येत नाही. चव मटणासारखीच. त्यानं मला उचलून ऐरणीवर आपटलं. बरगड्या दोन, मोडल्याचा आवाज स्वच्छ आला. मग त्याच पट्ट्यानं आवळून गाडीच्या मागे टाकलं, मेंढीसारखं. गाठ भिकार होती. बांधताना मी दोनदा सांगितलं.

सभागृहात नेऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीला बांधलं. कॉलिन, पायापर्यंत हिरवा, धापा टाकत ओरडला, "आणला! लायल पेन्गेली हजर!"

टाळी नाही. सगळे आपापल्या मटारांकडे बघत होते. रॉस्लिन हळूच म्हणाली, "घंटा होऊन गेली रे." बेव्हन कान दाबत म्हणाला, बरं मग? एडनाबाई म्हणाल्या, "मग काय? घंटा झाली तेव्हा इथे तिघं नव्हते. हा, कॉलिन आणि तू. तिघांतला एक निवडायचा होता, बेव्हन. चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही. अभिनंदन."

अभिनंदन करायला डेस हात पुढे करून गेला. डेसचं ऑपरेशन आता ढकलता येणार नाही. कॉलिनला सचिव केल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं घंटा उचलून फेकली. ती रॉस्लिनच्या कपाळाला चाटून संस्थापकांच्या तसबिरीतून पार गेली. बेव्हननं भाषणाचं टेबल उचलून दोघांवर घातलं (टेबल शाबूत). हॉरीनं नळकांडं गरगरा फिरवलं, वयाच्या मानानं सुरेख. खुर्च्या, पेस्ट्या, मटार. एडनाबाईंनी हातोड्यानं तिघांना खाली बसवलं, आणि तिघं बसलेच. मी बांधलेला असूनही सात जणांना दंड केला. वसुली बाकी.

उपाध्यक्षपदही भरायचं होतं. तिघांतला उरलेला एकटा मी. ते रिकामं ठेवायचं ठरलं, एकमतानं.

संध्याकाळी गावचा पोलीस जबाब घ्यायला आला. शेवटचं पान लिहिताना म्हणाला, "लायल, लेका, मी इथे बदली मागून आलो होतो. शांत गाव म्हणून." कडी बघून ये, असं मी त्याला सुचवलं.

४ जून, गुरुवार
घरी. भिंतीच्या जागी ताडपत्री. शांतपणे विचार केला. तिघांत निवड झाली, म्हणजे मी पहिल्या तिघांत होतो. बावीस वर्षांतली सर्वोत्तम कामगिरी. पुढच्या वर्षी नक्की.

ग्लेनिसला हे समजावलं. तिनं सूप पुढे सरकवलं.

१३ जून, शनिवार
हार्डवेअरबाहेर स्टॉल. न भूतो न भविष्यति. एरवी चौघांना ओढून आणावं लागतं. आज आख्खा क्लब हजर. रॉस्लिन कपाळाला टाके घेऊन. कॉलिनच्या कानामागे अजून हिरवं. कांदा सगळ्यांनी चार मिलिमीटर कापला, कुरकुर नाही. भांडण नाही, ठोसा नाही. मी एका हातानं शेगड्या सांभाळल्या.

आणि गिऱ्हाईक! सॉसेज घेतात, सुटे परत घेत नाहीत. न्हावी तीनदा आला. पोलिसानं पन्नासची नोट टाकली आणि सॉसेज घेतलंच नाही. माझ्याकडे बघून बायाबापड्या डब्यात हात घालत होत्या. कशासाठी गोळा करतोय, विचारलं तर बेव्हन म्हणाला, "गावावरचं एक संकट आहे. निभावतंय का बघू." तपशील विचारला, तर कांदा कापायला वळला. दातृत्वाचा गाजावाजा करू नये, हे त्याला पटलेलं दिसतं. माझ्या सहवासाचा परिणाम.

१६ जून, मंगळवार
बेव्हन आणि एडनाबाई घरी आले. बेव्हन बसला नाही. म्हणाला, वॅराबिनचा क्लब तुला सभासद करून घ्यायला तयार आहे. तीस किलोमीटर तर आहे. आधी नाहीच म्हणत होते, मग त्यांनी आकडा सांगितला. शनिवारी तेवढा जमला.

बाईंनी माझा प्लास्टरमधला हात हातात घेतला. "जा बाळा. तिथे तुला अजून कुणी ओळखत नाही. नव्यानं मांडता येईल सगळं." मी विचारलं, ट्रेलर? बेव्हन पटकन म्हणाला, "ट्रेलर इथेच राहू दे." ग्लेनिसनं स्वयंपाकघरातून विचारलं, त्यांच्या मीटिंगनंतर तिकडे मुक्कामाची सोय असते का?

मोठ्या फुटबॉलपटूंच्याच अशा बदल्या होतात. पैसे कुठल्या क्लबानं कुठल्या क्लबाला द्यायचे, हा तपशील निराळा.

नाही म्हणालो, पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद इथेच आहे. प्रस्ताव असा होता: मी जायचं, ट्रेलर राहायचा, आणि मला घेतल्याबद्दल वॅराबिनला मिळायचे दोन हजार तीनशे अठरा डॉलर, चाळीस सेंट.