बैलाच्या खांद्याचं माप

दादा, तुमच्या पोराकडून पत्राला फार उशीर झाला, राग धरू नका. दर वर्षी लिहीन म्हणायचो आणि बसायचा धीर व्हायचा नाही. शाळा सातवीपर्यंतच झाली. नगरच्या सावेडीत धाकट्या मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून लिहितोय. एवढ्यातच दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते पाहून आलो. मन ठिकाणावर राहत नाही.

दुष्काळाच्या आदलं साल आठवतं. काष्टीजवळच्या आपल्या गावात, घरापुढच्या छपरात तुम्ही जोखडं करताय. शेतकऱ्याला बैल घेऊनच यायला लावता. बैलाच्या खांद्यावरून हात फिरवता, दोरीला गाठी मारून माप घेता आणि मगच बाभूळ तासायला बसता. एका जोडीला एक जोखड, दुसऱ्या जोडीला ते चालायचं नाही. मी एक हंगाम बेलापूरकडच्या साखर कारखान्यात काढला होता. तिथं गाळप सुरू झालं की थांबत नाही, एकीकडून ऊस आत जातो, दुसरीकडून साखर पोत्यात पडते. तुम्ही विचारलंत, कुणाचा ऊस कुठल्या पोत्यात गेला ते कसं कळतं? कळत नाही म्हटल्यावर तुम्ही परत बाभूळ तासायला लागलात. पुढं मी नगरला पंपाचे भाग करणाऱ्या कारखान्यात लागलो. तिथं मशीन एका मापाला लावायचं, पहिला नग साहेबानं पास केला की तसेच दोनशे काढायचे, मग मशीन दुसऱ्या मापाला. बिघडलेला नग पेटीत टाकायचा, कुणाचा म्हणून कुणी विचारत नसे. मला ते फार आवडलं. तुमचं काम मला मागासलेलं वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू.

सुट्टीला आलो तेव्हा तुम्ही आक्काच्या गावी निघाला होता. एका शेतकऱ्याच्या मापाची दोरी खुंटीला होती, तो आला तर आठ दिवसांनी ये म्हणून सांग, असं बजावून गेलात. मी दोरीला हातही लावला नाही. छपरात तयार असलेल्या दुसऱ्याच्या जोखडावरून पत्र्याचा साचा कापला आणि एका दमात चार जोखडं काढली. शेतकरी आला, त्याला त्यातलंच एक दिलं. तुम्ही परत आल्यावर सांगितलं, तुमच्या दोरीनंच केलं. तुम्ही खूश झालात.

पंधरवड्यानं तो बैल घेऊन दारात उभा. मी नेमका घरी होतो. बैलाचा खांदा सुजलेला, कातडं सोललेलं.

"मिस्त्री, बैल माझा मोजला का शेजाऱ्याचा?"

तुम्ही खांदा हातानं चाचपला. मग माझ्याकडं वळलात.

"दोरी बघूनच केलं हुतंस न्हवं?"

"व्हय दादा. गाठीवर गाठ ठेवून."

"मग माझीच गाठ चुकली."

तुम्ही त्याची माफी मागितलीत, हळद-तेल घेऊन स्वतः बैलाच्या खांद्याला लावलंत. मी बघत उभा होतो. त्यानंतर तुम्ही एकेक बैल तीन-तीनदा मोजायला लागलात, गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. पोळ्यापर्यंत तुम्ही माणसं शेजारच्या गावच्या सुताराकडं धाडायला लागलात. आई म्हणायची, ह्यांना काय झालंय कळंना. मला कळत होतं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर तुम्ही एकही जोखड केलं नाही.

दादा, तुमचा हात चुकला नव्हता. एवढं बोलायला मला तुमच्यासमोर दोन वर्षं मिळाली होती.

हे पत्र कुठं टाकणार, तसंच घडी करून ठेवीन. एक सांगायचं राहिलं. नातवंडं विचारतात, पणजोबांनी सुतारकाम का सोडलं. मी अजूनही सांगतो, म्हातारपणी त्यांच्या हाताचा अंदाज गेला होता. गेल्याच आठवड्यात सांगितलं. तुम्हाला तेव्हा सगळं ठाऊक होतं का, तेवढं लवकर कळवा.