ठमीच्या खिडकीसमोरचा टॉवर

३ फेब्रुवारी

समोरच्या गच्चीवर आज चार माणसं चढली. दोर, कप्पी, लांबच लांब लोखंडी नळ्या. ठमीला कडेवर घेऊन मी तासभर खिडकीत उभी! ती खिदळली की मी त्यांना हात करायची, त्यांच्यातला लाल टोपीवालापण करायचा. टाकीबिकी बसवत असतील.

ठमी साडेचार महिन्यांची. लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा कुठे आली. मी पाळणाघरात सव्वीस वर्षं आया होते, शे-दीडशे पोरं या मांडीवरून गेली, पण असले गाल एकाचेही नव्हते. आजी लिहिते आहे म्हणून कोणी हसेल. हसू दे. गाल आहेतच तसे.

लेक एक तारखेपासून पुन्हा कामावर जायला लागली. म्हणजे दिवसभर ठमी माझी! पाळणाघरात प्रत्येक पोराचं पान असायचं — दूध किती, झोप किती, आणि रडलं की एक रेघ ओढायची. संध्याकाळी आईला पान दाखवायचं. हात अजून तसाच चालतो, काय करू.

दूध पाच वेळा. झोप तीनदा. रडणं — एक रेघ.

४ फेब्रुवारी

टाकी नाही, खांब आहे. लाल-पांढरा. वाढतोच आहे. दिसायला छान.

५ फेब्रुवारी

छान कसला!

खालच्या मजल्यावरची शिंपीण ठमीची झबली घेऊन आली. खिडकीकडे नजर गेली आणि बाईच्या तोंडाचा रंगच उडाला. "अहो आजी, मोबाइलचा टॉवर आहे तो. लहरी निघतात त्यातनं. दिसत नाहीत, वास येत नाही, काही नाही. आणि तान्ह्याची टाळू म्हणजे काय, लोणी नुसतं! माझ्या नणंदेच्या शेजारी एक होती, तिच्या मुलाला —" आणि थांबली. म्हणते, "जाऊ दे."

जाऊ दे म्हणायचं तर सुरूच करू नये माणसानं! आता त्या मुलाला काय झालं हे मला जन्मभर कळणार नाही, आणि मनात मात्र रोज नवीन काहीतरी होणार त्याला.

पाळणा ओढून आतल्या भिंतीला लावला. मग आठवलं, भिंतीतूनही जातात म्हणाली. मग भिंतीला लावून काय उपयोग? तरी लावला.

६ फेब्रुवारी

जावईबापू खुशीत. त्यांचं कामच फोनवर, कानाला सदा चिकटलेला. "आई, या घरात रेंजची एक कांडी यायची मुश्किलीनं, आता बघा, चारच्या चार!"

मी लहरींचं विचारलं. म्हणाले, "आई, तसं काही सिद्ध झालेलं नाही."

मी म्हटलं, "सिद्ध होईल तेव्हा ठमी केवढी असेल हो?"

हसले. मग हसायचे थांबले. लेक कपड्यांच्या घड्या करत होती. एकाच झबल्याची घडी तिनं तीनदा केली.

८ फेब्रुवारी

खांबावर पांढरे ढोल बसवलेत. सात. सहा इकडे-तिकडे बघतात, एक सरळ आमच्या खिडकीत. मी पडदा ओढला. ठमीला ऊन हवं, किंचाळली. उघडला. माझा जीव राहीना, ओढला. शेवटी अर्धा ठेवला. अर्ध्या पडद्यातून लहरी अर्ध्या येतात का, हे विचारायचं कोणाला? शिंपिणीला तर नाहीच.

रडणं — दोन रेघा.

१० फेब्रुवारी

जेवताना लेक म्हणाली, "आई, तू सांग. इतकी पोरं तुझ्या हाताखालून गेलीत. तुला वाटलं ना की बाळाला इथं बाधतंय, तर आपण घर सोडू. तू म्हणशील तसं."

बाई, बाई! छाती अशी फुगली म्हणून सांगू! शिकलेली लेक चौथी पास आईला विचारते. दोन घास जास्त गेले.

भांडी घासताना डोक्यात आलं — सोडू म्हणजे जायचं कुठं? जावईबापू एका घराबद्दल बोलले होते मागे. लांब आहे, मोकळं आहे, पण दोनच खोल्या. इथे तीन आहेत. तिसरी माझी.

म्हणजे मी बहिणीकडे. बसनं अख्खा दिवस. तिच्याकडे दोन पोपट, दोघेही दिवसभर "कोण आहे? कोण आहे?" करतात, आणि तिचा नवरा दरवेळी उठून दार उघडायला जातो. पाळणाघरामागची माझी जुनी खोली केव्हाच नव्या आयाला गेली.

तर हिशेब असा आहे. टॉवर चांगला ठरला तर मी राहते. टॉवर वाईट ठरला तर मी जाते. आणि चांगला का वाईट, ते मीच सांगायचं!

हातातून ताटली निसटली. फुटली नाही, स्टीलची आहे.

१२ फेब्रुवारी

लहरी मोजणारा आला. जावईबापूंनी बोलावला. साबणाच्या डबीएवढं यंत्र. खिडकीत धरलं, स्वयंपाकघरात धरलं, पाळण्यावर धरलं. ठमी ते यंत्र चोखायला बघत होती.

"आजी, मर्यादेच्या खूप खाली आहे. काळजी करू नका."

"मर्यादा कोणी ठरवली?"

"अभ्यास केलेल्या लोकांनी."

"तुमचं तान्हं इथं ठेवाल का?"

त्यानं यंत्र पिशवीत टाकलं. म्हणाला, "आजी, माझी मुलगी टॉवरच्या अगदी पायथ्याशी वाढली. आता सोळाची आहे. माझं एक ऐकत नाही. बाकी परिणाम काही नाही!"

इतकी हसले मी! माणूस चांगला होता, खोटं बोलणारा वाटला नाही. दुपारपर्यंत भीती पार गेली. गाणं म्हणून ठमीला झोपवलं. चारला ती दचकून उठली आणि काही कारण नसताना रडली — आणि भीती परत येऊन जागेवर बसली, जशी नुसती पाणी प्यायला उठली होती.

१३ फेब्रुवारी

झोप तीनदा. रडणं — दोन.

१४ फेब्रुवारी

झोप दोनदाच. रडणं — तीन. हिरडी चाचपली. दात असेल. दातच असेल. देवा, दातच असू दे.

१५ फेब्रुवारी

झोप तीनदा. रडणं — एक.

लेकीला पान दाखवलं. म्हटलं, "बघ, शांत आहे हो." ती "हं" म्हणाली.

१७ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही, सकाळपासून चाललंय. लिहिते. वाचणार कोण आहे?

पाळणाघरातल्या मोठ्या बाईंचा नियम एकच होता. आईशी खोटं बोलायचं नाही. पोर पडलं तर पडलं म्हणायचं, चावलं तर चावलं म्हणायचं. आई ओरडेल, ओरडू दे. एका आयानं पोराचा ताप लपवला होता, बाईंनी त्याच दिवशी तिला घरी पाठवलं. मीच तिची पिशवी भरून दिली होती, आणि मनात म्हटलं होतं, अशी कशी गं तू.

पंधरा तारखेला ठमी एकदा नाही रडली. तीनदा रडली. दुसऱ्यांदा मी म्हटलं, ही जांभई. तिसऱ्यांदा काही म्हटलंच नाही, फक्त पेन्सिल उचलली नाही. आणि काल तर पानच लिहिलं नाही.

परक्यांच्या पोरांची सव्वीस वर्षांत एक रेघ खाल्ली नाही मी! आणि माझ्या ठमीच्या दोन खाल्ल्या. कशासाठी? एका खोलीसाठी. तिचे गाल रोज हातात यावेत म्हणून.

तो ढोल खिडकीतून बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण आज माझ्याच हाताकडे बघून आला.

१८ फेब्रुवारी

सांगितलं.

लेक कामावरून आली, चपला काढायच्या आधीच सांगितलं, नाहीतर जीभ परत आत गेली असती. "पंधराचं पान खोटं आहे. तीनदा रडली होती. दातानं रडते की टॉवरनं, मला माहीत नाही गं. मोजणाऱ्यालाही माहीत नसेल. पण मी भिते. खिडकीकडे पाठ करून बाटली देते तिला. आया अशी भीत असेल तर ते पोराला कळतं. जा तुम्ही त्या दोन खोल्यांत."

"आणि तू?"

"मी काय, मोठी बाई आहे. बसमध्ये बसता येतं मला."

ती एका पायात चप्पल घालून तशीच मला बिलगली. लहानपणी कानात किडा गेला होता तेव्हा बिलगली होती, तशी. म्हणाली, "बरं झालं आई. बरं झालं तूच म्हणालीस."

आतल्या खोलीत जावईबापू कोणाशी तरी बोलत होते, ते "नंतर करतो" म्हणाले आणि फोन ठेवला.

२० फेब्रुवारी

ठमी पालथी पडली!! माझ्यासमोर! मीच पाहिलं पहिल्यांदा! स्वतःच घाबरली, मग मान वर करून असं बघितलं, जसं एवढं मोठं बक्षीस मिळालंय. लेकीला कामावर फोन केला, चारी कांड्या होत्या.

रडणं — दोन. खऱ्या.

२१ फेब्रुवारी

दोघं कामावर असताना घरमालक एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आले. मी म्हटलं, "इतक्यात? अहो, परवाच तर ठरलं आमचं!"

म्हणाले, "परवा कसं आजी? नऊ तारखेलाच दोघं सांगून गेले. बाळाची भीती वाटते म्हणाले. तिकडच्या घराची किल्लीसुद्धा घेतली त्यांनी. तुमची लेक म्हणाली होती, आईला सांगायचं धाडस होत नाही, तेवढं तुम्ही बोलू नका. आता कळलंय ना तुम्हाला?"

म्हटलं, "हो, हो. कळलंय की."

"तू सांग" म्हणाली ती दहा तारखेला.

इतके दिवस मी टॉवरला भीत होते, आणि माझ्या पोटची पोर मला.

संध्याकाळी आली की म्हणणार आहे — बहिणीची फार आठवण येते गं, कधी एकदा तिच्याकडे जाते असं झालंय मला.