सुंठीच्या बाळंतपणात उघडलेली कुलपं

मुलुंड (पूर्व)
शुक्रवार दुपार

आदरणीय प्रेमाताई,

मुलुंडहून आपले व्याही दिवाकर सोवनी यांचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही उभयता खुशाल आहोत, म्हणजे निदान उठून बसलो आहोत. माहुलला आपलं सगळं ठीक असेलच. खंडूशेठांच्या गुडघ्याला उतार पडला का? त्यांनी बोटीवर चढउतार करू नये असं मी सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण ओल्या फळीवरून पाय घसरल्याचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर अधूनमधून येतं (त्यांच्या नसेल येत, माझ्या येतं), म्हणून लिहिलं. मागच्या खेपेला पाठवलेले सुके बोंबील सुंठीला पोचले. त्यांचा वास आम्हाला पोचला. राग नाही.

हातात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुमच्या मनात येईल. फोन लावला की कुंदा शेजारी येऊन बसते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती सुचवते. मला जे सांगायचं आहे ते एकसंध सांगायचं आहे. शिवाय सांगता सांगता मी मध्येच गप्प होईन आणि तुम्हाला वाटेल रेंज गेली.

तर सुंठी. रेवती लग्न होऊन आमच्याकडे आली तीच सुंठीला टोपलीत घालून. तुमच्या धक्क्यावर ताज्या मांदेलीवर वाढलेली ती मांजरी, आमच्या वरणभाताच्या घरात कशी नांदेल याची मला काळजी होती. ती उत्तम नांदली, मासळी बाजारात जायला मीच शिकलो. पुढे गच्चीवरचा एक बोका आणि आमची उघडी राहिलेली खिडकी यांच्यामुळे जे व्हायचं ते झालं. त्यात आमच्या निहारच्या ऑफिसनं त्याला हैदराबादला ट्रेनिंगला धाडलं, रेवतीही बदल म्हणून बरोबर गेली, आणि निघताना चप्पल घालता घालता मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात ना, मग मला सुंठीचं टेन्शन नाही." या एका वाक्यानं माझी झोप गेली. पोरीचा जीव आहे त्या मांजरात, आणि तो तिनं माझ्या हवाली केला. माझ्या म्हणजे कुणाच्या? ट्रॉम्बेला सुरक्षा विभागात मी अख्खी नोकरी केली. काय काय बिघडू शकेल याचा विचार करत बसणं हेच माझं काम होतं. तिथं माझ्या वाट्याला काही घडलं नाही, कारण घडायच्या आधीच मी घाबरलेला असे.

रेवतीनं जाण्याआधी डॉक्टर समीक्षांशी गाठ घालून दिली होती. भांडुपला त्यांचा प्राण्यांचा दवाखाना आहे, वयानं आपल्या रेवतीएवढ्याच असतील. त्यांनी सांगितलं, "काका, दिवस भरत आले की रोज टेम्परेचर घ्या." थर्मामीटर मांजराला कुठे लावतात हेही सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही, आपण विहीणबाई आहात. पहिल्याच दिवशी पारा एकशे दीडवर! इतका ताप! मी मिठाच्या पाण्याच्या घड्या तयार केल्या आणि सुंठीच्या कपाळावर ठेवायला लागलो. (मांजराला कपाळ फार थोडं असतं आणि नखं फार असतात.) हे मी नेमानं केलं. एके सकाळी पारा नव्व्याण्णवच्या खाली आला. ताप उतरला! मी कुंदाला शिरा करायला सांगितला, आणि शिऱ्याची बशी हातात घेऊनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "अहो काका, मांजराला शंभर-एकशे दोन नॉर्मलच असतं. आता उतरलंय ना, म्हणजे उद्यापर्यंत पिल्लं येणार. आणि बिचारीच्या डोक्यावरच्या घड्या काढा हो आधी!" घास तोंडातल्या तोंडात राहिला.

त्या दिवशी सुंठीनं बोंबलाकडेही पाठ फिरवली. तुमच्याकडचा बोंबील, आणि ही तोंड फिरवते, तेव्हाच मी समजलो की आता खैर नाही. आम्ही तिच्यासाठी खोका तयार केला होता, आत कुंदाची मऊ जुनी साडी, वर पडदा, अगदी बाळंतिणीची खोली. ती त्यात एकदा गेली, हुंगलं आणि बाहेर आली. मग सबंध घरात जागा शोधत फिरली. माझी बॅग, देवघराखालचा कप्पा, पिठाच्या डब्यामागची सांद. मध्येच थांबायची, स्वतःला चाटायची, धापा टाकायची आणि माझ्याकडे बघायची. ते बघणं मला सहन होईना. मी दुसऱ्या खोलीत गेलो की ओरडायची, परत आलो की गप्प. शेवटी कपड्यांच्या कपाटात, खालच्या खणात, माझ्या स्वेटरवर ती आडवी झाली आणि तिच्या पोटात कळा दिसायला लागल्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं की जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा आधीच हिरवट-काळं पाणी गेलं, किंवा पिल्लू अर्धवट अडकलं, तर थांबायचं नाही. मी भिंतीवरचं घड्याळ खाली काढून मांडीवर घेऊन बसलो. सुंठी जोर करत होती, अंग आवळत होती, आणि काही येत नव्हतं. वेळ भरत आली. कुंदानं डॉक्टरांना फोन लावला, त्या म्हणाल्या रिक्षा बोलवा आणि निघा. रिक्षावाला म्हणतो, येतो, पाच मिनिटं. ही पाच मिनिटं घाताची ठरली. कारण त्या पाच मिनिटांत कुंदाला तिची आजी आठवली.

तुमच्याकडेही हे असेलच. बाई अडली की घरातली कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या, डब्यांची झाकणं काढायची, म्हणजे तीही मोकळी होते. कुंदा हे सहज बोलली, आठवण निघाली म्हणून. पण मला त्या वेळी कुणी घरावर उभा राहून नाच म्हणालं असतं तरी मी नाचलो असतो. मी उठलो. लोखंडी कपाट उघडलं, ट्रंक उघडली, लोणच्याच्या बरण्यांचे दादरे सोडले, डाळीतांदळाचे डबे उघडे टाकले. (गॅसची कळ तेवढी कुंदानं उघडू दिली नाही. पायजम्याची नाडी मी सोडली नव्हती. कुंदा सोडली असं म्हणेल, तिच्यावर विश्वास ठेवू नये.) आणि मी पडलो सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. म्हटलं, अर्धवट करून उपयोग नाही. गच्ची उघडली, पंपाची खोली उघडली, नोटीस बोर्डाची काच उघडली, जिन्याखालची मीटरची खोली उघडली. कुंदा माझ्यामागून "अहो, पुरे, अहो, पुरे" करत धावत होती. दोघंही वर आलो तर कपाटाचा खण रिकामा. स्वेटरवर एक ओला डाग, हिरवट. आणि घराचं दार सताड उघडं, मी उघडलेलं.

प्रेमाताई, मी खूप वेळा घाबरलेला माणूस आहे, मला भीतीतला फरक कळतो. ही वेगळी होती. दारात उभं राहून मी "सुंठी, सुंठी" म्हणून हाक मारत होतो. रेवतीला काय सांगायचं, हाच एक विचार डोक्यात. तू विश्वासानं ठेवून गेलीस ती अडलेली, आणि मी दारं उघडून तिला बाहेर घालवली. जिन्यावर थेंब होते. हिरवट-काळे. थेंब बघत आम्ही दोघं खाली उतरलो, कुंदानं माझा दंड धरलेला, की मी तिचा, आठवत नाही. थेंब मीटरच्या खोलीत गेले होते.

आत काळोख, नुसती मीटरची गुणगुण. कोपऱ्यात गणपतीच्या मांडवाचं कापड घडी करून ठेवलेलं असतं, त्यावर सुंठी. तिनं आमच्याकडे मान वळवली, ओरडली नाही, आणि ओरडली नाही म्हणूनच मी जास्त घाबरलो. कुंदानं मोबाईलचा उजेड पाडला. मागे दोन इवले पाय बाहेर आलेले, बाकी पिल्लू आत. पाय हलत नव्हते. आयुष्यभर मी ज्या ज्या गोष्टींना भ्यायलो त्या सगळ्या मला त्या क्षणी फुकट गेल्यासारख्या वाटल्या.

यापुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मला घेरी आली आणि मी तिथल्या पाण्याच्या पाइपाला टेकून खाली बसलो ते बसलोच. जे केलं ते कुंदानं, डॉक्टरांना फोनवर ठेवून. मला फक्त एक बारीकसं चिरकणं ऐकू आलं, आणि शुद्धीवर येऊन बघतो तर एक पिल्लू सुंठीच्या पुढ्यात. रिक्षावाला तोवर दारात येऊन हॉर्न वाजवत होता. तसंच कापडासकट तिला भांडुपला नेलं, पुढची दोन तिथं सुखरूप झाली. पिल्लांमागून वारा किती पडल्या ते डॉक्टरांनी मोजून बघितलं. तीन पिल्लं, तीन वारा, हिशोब जुळला. पण भीती सरली असं समजू नका. अंगावर पाजणाऱ्या मांजरीला एकाएकी थरथर सुटली, चाल लटपटली, किंवा ती पिल्लांना जवळ घेईना, तर लगेच आणा, असं त्यांनी जाताजाता सांगितलं, आणि तेव्हापासून मी तिचे पाय बघत बसलो आहे. झोपेत मिशी हलली तरी मी उठतो. कुंदानं आळिवाची खीर केली होती. सुंठीनं हुंगली आणि मी खाल्ली.

एवढंच. खंडूशेठांना माझा नमस्कार सांगावा, आणि ओल्या फळीचं लक्षात ठेवावं.

आपला,
दिवाकर सोवनी

ता. क. : मीटरच्या खोलीचं रेवतीच्या कानावर घालू नये. तिला "सुंठी बाळंत झाली, तीन पिल्लं, सगळी मजेत" एवढंच कळवलं आहे.

ता. क. २ : मूळ मुद्दा आता लिहितो, वर लिहायला धीर झाला नाही. काल रेवतीचा फोन आला. तिला चौथा महिना लागला, सगळं व्यवस्थित आहे, हे आपण जाणताच. पण ती म्हणते, बाळंतपण मुलुंडलाच करायचं, माहुलला जाणार नाही. प्रेमाताई, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ही आपली रीत आहे, तिला धक्का लागता कामा नये. आपण आईच्या हक्कानं तिला रागवावं आणि घेऊन जावं. इथं माझ्यासारखा घेरी येणारा माणूस आहे, त्याचा काडीचा उपयोग नाही. मांजरीच्या कळा बघून माझी ही गत झाली. ती तर आमची रेवती आहे. ती आतल्या खोलीत ओरडली तर मी कुठे जाऊ?

ता. क. ३ : प्रेमाताई, कुंदाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. यातलं तापाचं आणि कुलपांचं खरं आहे, नाडीचं खोटं आहे, आणि घेरीचं साफ खोटं आहे. घेरी मला आली. पाइपाला टेकून मी बसले होते. पिल्लू यांनी सोडवलं. समीक्षा फोनवर सांगत होती, कोरड्या पंच्यानं धरा, तिनं जोर केला की तेवढ्यापुरतं हलकेच खाली ओढा, आणि हे तसंच करत होते. हात इतके शांत की मला माझा नवरा ओळखू येईना. "झालं गं बाळा, मी आहे," असं तिच्याशी बोलत होते. पिल्लू आलं ते गार, श्वास नाही. समीक्षा म्हणाली, राहू द्या काका. यांनी राहू दिलं नाही, चोळत बसले, ते चिरकेपर्यंत. मग पिल्लू माझ्या ओंजळीत दिलं आणि मीटरकडे तोंड करून मोठ्यानं रडले. हे सगळं मी रेवतीला त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि म्हणूनच पोरगी म्हणते की मी बाबांच्या जवळ राहणार. तेव्हा तिला न्यायला येऊ नका. तुम्हीच मुक्कामाला या. रेवतीला आपण दोघी सांभाळू. यांना सांभाळायला खंडूशेठांना घेऊन या.