फळ्याचा खालचा अर्धा भाग

१५ जून, शनिवार. सकाळी ७.
आज शाळा उघडल्या. चौसाळ्यातली झाडून सगळी पोरं गेली. एक सोडून. ती एक आमच्या घरात. ज्या मन्मथप्पा गुरुजींनी अर्ध्या गावाला वाचायला शिकवलं, त्यांची नात शेजाऱ्यांच्या शेळीमागे पळते आहे.

हे खूळ मुलीने, कावेरीने, पुण्याहून आणलं. नाव अनस्कूलिंग. पोराला शाळेत घालायचं नाही, घरीही शिकवायचं नाही. वाटेल तेव्हा ते आपलं आपण शिकतं म्हणे. जावई रुद्रेश लॅपटॉपमागून मान हलवतो. त्याला ऑफिस नाही, पोरीला शाळा नाही. या दोघांना रविवार कसा कळतो, देव जाणे.

प्रियदर्शनी पावणेसहा वर्षांची. 'क' ओळखत नाही. सौ. दानम्माला विचारलं, तुला काही वाटतं का. म्हणाली, पोरगी पोटभर जेवते.

या घरात शिक्षणाची काळजी करणारा मी एकटा.

१८ जून
करार झाला. कावेरीचं म्हणणं: "अप्पा, तिनं विचारलं तर सांगा. न्हाई विचारलं तर शिकवू नका." मी म्हणालो, दसऱ्यापर्यंत वाट बघतो. दसऱ्याला मी दिलेलं पान वाचता आलं नाही, तर लगेच नाव माझ्या जुन्या शाळेत. रुद्रेश म्हणाला, आणि वाचलं तर? मी म्हणालो, तर बाहेरचा फळा काढून टाकीन.

हे बोलताना मला काडीचीही भीती वाटली नाही. शिक्षकाशिवाय कोणी वाचायला शिकलं असतं, तर सरकारने आम्हाला पगार कशाला दिला असता?

फळ्याबद्दल. शाळेने टाकून दिलेला, मी निवृत्तीच्या वर्षी आणला. आमच्या ओट्याच्या भिंतीवर रस्त्याच्या बाजूने बसवला आहे. रोज पहाटे मी त्यावर सुविचार लिहितो आणि मग वर ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. तिथून फळा दिसत नाही, वाचणाऱ्यांचे चेहरे दिसतात. सध्या वाचणारे कमी आहेत. मोबाइल.

२० जून
तिने विचारलं. फळ्याकडे बोट करून, "आजोबा, हे काय लिवलंय?"

मी अत्यंत प्रेमाने सांगितलं की आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, मग शब्द, मग वाक्य. पायऱ्या गाळून माडीवर जाता येत नाही. ती म्हणाली, पण हे काय लिवलंय? मी पाटी आणायला आत गेलो. बाहेर येतो तर रस्त्यापलीकडे रामहरीच्या चहाच्या हॉटेलात. रामहरी कढईतला झारा सोडून तिला माझाच सुविचार वाचून दाखवत होता. एकेका शब्दावर बोट ठेवून. दुसरी नापास माणूस.

पुन्हा विचारेल तेव्हा पाटी हाताशी ठेवायची.

१ जुलै
पुन्हा विचारलं नाही. पाटी हाताशी आहे.

इतरांना मात्र विचारते. एसटीच्या कंडक्टरला पाटीवरचं गाव विचारते. रामहरीला भावफलक विचारते. खताच्या गोणीवरचं, साबणाच्या कागदावरचं. रुद्रेशच्या फोनमध्ये तोंड घालून "शेळी पळाली" असं ओरडते आणि उमटलेली अक्षरं बघत बसते. याला हे लोक शिक्षण म्हणतात. मी याला भटकणं म्हणतो.

९ जुलै
खडूसाठी रडली. दया आली. फळ्याचा खालचा अर्धा भाग तिला रेघोट्या ओढायला दिला. गुडघ्यामुळे मला तिथवर वाकता येत नाही, म्हणून तो रिकामाच होता.

नियम केला: तिकडे बघायचं नाही. रेघोट्यांचं कौतुक केलं की मुलं शेफारतात. न शिकवलेलं अक्षर हे अक्षर नसतं, आणि जे अक्षर नाही ते तपासायचं नसतं. पहाटे काठीला ओलं फडकं बांधून वरखाली पुसून टाकतो. त्या वेळी उजेडही नसतो.

११ ऑगस्ट
फळ्याला दिवस चांगले आले. सुविचार जरा धारदार केले, त्याचा परिणाम. आज लिहिलं: 'लाडाने वाढलेलं रोप वाऱ्याला टिकत नाही.' रोख कळणाऱ्याला कळतो. आठ-दहा जण थांबले. अर्जुनराव पाटलांनी गाडी थांबवून वाचलं. विशेष म्हणजे सगळे मान खाली घालून वाचतात. इतकी नम्रता मी नोकरीत असतानाही पाहिली नव्हती.

दोघे-तिघे हसले. विचार पटला की माणूस हसतो.

१४ ऑगस्ट
घरात फितुरी आहे.

काल रामहरीकडे एक गुलाबजाम खाल्ला. एकच, पाकातून निथळून. बरोबर फक्त प्रियदर्शनी होती. आज सौ. म्हणाली, तुमची शुगर काय, तुमचं वय काय, आणि दोन गुलाबजाम. (दोन होते. पण तिला कसं कळलं?)

रामहरीशिवाय कोण सांगणार? त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "मी कावून सांगू गुरुजी? सगळ्या गावाला म्हाईत हाय." म्हणजे याने गावभर केलं.

संकल्प: रामहरीचा चहा बंद.

२३ ऑगस्ट
स्टँडवरच्या हॉटेलातला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तत्त्वासाठी पितो.

५ सप्टेंबर. शिक्षक दिन.
शाळेने सत्काराला बोलावलं. शाल, नारळ. हेडमास्तरीण सुनिता मॅडम माझ्याच विद्यार्थिनी. कावेरीच्या नकळत नातीचा प्रवेश अर्ज भरून ठेवता येईल का, असं त्यांना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, आईची सही लागेल. मी म्हणालो, दसऱ्यानंतर सही आपोआप होईल, तोवर बाकी भरा. प्रियदर्शनी शेजारी बसून नारळाची शेंडी उपटत होती. लहान पोराला काय कळतं.

७ सप्टेंबर. गणपती बसले.
कळलं. कावेरीला सगळं कळलं. मॅडमच्या कानात काय बोललो ते शब्दशः. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "अप्पा, तुमी शाळेत चोरून गेलताव."

रामहरी तर तिथे नव्हता. म्हणजे सुनिता मॅडम. विद्यार्थिनी म्हणवतात. सत्काराची शाल कपाटात तळाला टाकली.

फळ्यावर लिहिलं: 'घरभेद्यापेक्षा उघडा शत्रू बरा.' गर्दी विक्रमी. रुद्रेशसुद्धा लॅपटॉप सोडून वाचायला गेला आणि भिंतीला टेकून हसत बसला. याला टोमणासुद्धा लागत नाही.

१७ सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला भाषण केलं. 'गुरूविना विद्या' हा विषय. लोक ऐकत होते असं म्हणता येईल. नंतर अर्जुनरावांनी पाठीवर थाप मारून विचारलं, भजनात झोप लागते म्हणे तुम्हाला, गुरुजी. सोमवारच्या भजनात मी डोळे मिटून ध्यान करत होतो. घोरण्याचा आवाज पखवाजाचा असणार.

आता संशय सौ.वर आहे. आजपासून तिच्यासमोर डायरी लिहायची नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आज प्रियदर्शनी ओट्यावर आली. पाटी पुढे केली. तिने तिच्यावर लिंबाची पानं मांडून दुकान केलं आणि मला एक पान विकलं. बाराखडीचा विषय काढताच दुकान उचलून निघून गेली. मी पाटी धुऊन ठेवली.

४ ऑक्टोबर
एसटीने बीडला जाऊन दुसरीचं मराठीचं पुस्तक आणलं. नातीला फिरवून आणलं, एवढंच घरी सांगितलं. पुस्तक कपाटात शालीच्या खाली. पान निवडून ठेवलं आहे: जोडाक्षरांनी भरलेलं, तिसरीच्या पोरालाही घाम फुटेल असं. हा अन्याय नाही. शिक्षणात दर्जा असावा लागतो.

परत येताना ती खिडकीशी बसून रस्ताभर पुटपुटत होती. "पाली... ढाबा... पंक्चर काढून मिळेल." मी लक्ष दिलं नाही. पाठांतर असेल.

११ ऑक्टोबर
उद्याची तयारी. साक्षीदार: अर्जुनराव, सुनिता मॅडम (शत्रू असल्या तरी सरकारी आहेत), रामहरी (हरलेला चेहरा बघायचा आहे म्हणून). शाळेचा गणवेश अंदाजाने शिवून घेतला. दप्तर घेतलं. शाळेत पोचवायला रोज मी जाणार. आणायलाही मीच. वाटेत हात धरावा लागतो, रस्ता वाहता आहे.

गेले काही महिने पाटी काढली की ती माझ्याजवळ बसत नाही, ही या लोकांची शिकवण. सोमवारपासून सगळं सुरळीत होईल.

१२ ऑक्टोबर. दसरा. संध्याकाळ.
घडलं ते लिहितो.

पाटीपूजन झालं. सगळे ओट्यावर जमले. मी कपाटातून पुस्तक काढलं, पान उघडलं, तिच्या हातात दिलं. तिने पानाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुस्तक मिटून खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी न्हाई वाचणार."

मी उभं राहून जाहीर केलं की निकाल सर्वांच्या समोर लागला आहे, सोमवारी प्रवेश. दप्तर पुढे केलं. टाळ्या अपेक्षित होत्या असं नाही, पण कोणी हललंही नाही.

मग रामहरी म्हणाला, "गुरुजी, तुमी रोज वरूनच बघताव. एकदा खाली रस्त्यावर या की."

मी म्हणालो, गरज नाही. सौ.ने माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा. उतरलो.

वरच्या अर्ध्या भागात माझा सुविचार: 'आज सत्याचा विजय.' खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, वाकड्या ओळीत, मोठ्या अक्षरात:

'आज आजोबा माझी परीक्षा घेणार. पुस्तक शालीखाली लपवलंय. मला येतं. पण मी वाचणार नाही. मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं नाही.'

मी दोनदा वाचलं. मागे दहा-बारा लोक उभे होते, मान खाली घालून.

मॅडम हळूच म्हणाल्या, सर, ऑगस्टपासून रोज असतं. आम्ही शाळेतले सगळे वाचतो. अर्जुनराव म्हणाले, गुलाबजामची बातमी फार गाजली.

तिच्यासमोर मी काय बोलायला हवं होतं ते आता सुचतंय. तेव्हा मी "ऱ्हस्व-दीर्घ तपासावं लागेल" असं म्हणालो.

१३ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. मुद्दा एक: ही आनुवंशिकता आहे. माझं रक्त. मुद्दा दोन: फळा कोणाचा? खडू कोणाचा? खालची जागा कोणी दिली? एका अर्थाने शिकवलं मीच. हे सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

१४ ऑक्टोबर
शब्दाला जागलो. स्क्रू ड्रायव्हर घेऊन फळा काढायला उतरलो. पहिला स्क्रू सुटेपर्यंत लोक जमले. आयुष्यभराचं काम असं जाऊ द्यायचं नसतं, या विचाराने मला भरून आलं. अर्जुनराव पुढे आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "फळा राहू द्या गुरुजी. वरचं न्हाई लिहिलं तरी चालंल."

स्क्रू परत बसवला.

रामहरीचा चहा सुरू केला. स्टँडवरच्या चहाने ॲसिडिटी होत होती, दुसरं कारण नाही.

२९ ऑक्टोबर
कावेरी, रुद्रेश, प्रियदर्शनी दिवाळीला परळीला गेले, व्याह्यांकडे. जाताना मी पोरीला म्हणालो, काही विचारायचं असेल तर विचार, सरळ सांगीन, बाराखडी नाही. तिने विचार केला. म्हणाली, खडू कुठं ठेवलेत? सांगितलं. दोन घेऊन गेली.

३१ ऑक्टोबर
लोक येतात, खाली बघतात, पुढे जातात. वर लिहिलं आहे: 'संयम हेच खरं धन.' आज कंडक्टरने गाडी हळू करायला लावली, खाली बघितलं, ड्रायव्हरला गिअर टाकायला सांगितलं. ही या गावची वाचनसंस्कृती.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा.
पहाटे उठलो. वरचा भाग कोरा ठेवला. रिकामं पोतं टाकून गुडघे टेकले आणि डाव्या हाताने, म्हणजे अक्षर तिच्यासारखं वाकडं येईल, खालच्या भागात लिहिलं: 'आज आजोबांनी चहा केला. साखर घातली नाही. आजोबांना करमत नाही असं काही नाही.'

उठता येईना. बरंच उजाडलं. शेवटी रामहरी रस्ता ओलांडून आला, काखेत हात घालून मला उभं केलं, पोतं झटकलं, मग वाकून सगळं वाचलं. बोटाने, शब्दावर शब्द.

"अक्षर जमलंय, गुरुजी," तो म्हणाला. "बातम्या खोट्या हायत."