वरच्या वाडीची पायाळू मुलं

१४ नोव्हेंबर १९३७

मळवलीला गाडी वेळेवर पोचली आणि स्टेशनाबाहेर दत्तोबा बैलगाडी घेऊन उभा होता. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्याने मी फार खुशीत आहे. भाजे गावाच्या वरच्या अंगाला, विसापूरच्या पायथ्याशी सोळा घरांची ही वाडी. मुंबईच्या एका शेठजींनी आईच्या स्मरणार्थ इथे दोन खोल्यांचं प्रसूतिगृह बांधलं. वर्षभरात एकही नर्स टिकली नाही म्हणे. टिकणार कशी? हल्लीच्या मुलींना खाटेखाली विंचू दिसला की राजीनामा सुचतो. मी एकतीस वर्षं पुण्यात बाळंतपणं केली आणि निवृत्त झाल्यावर भाचीच्या घरी मटार सोलत बसण्याचा मला कंटाळा आला होता.

भातं कापून झाली आहेत, खळ्यांवर झोडणी चालू आहे, सगळीकडे आंबेमोहराचा वास. बायकांनी माझ्यासाठी पाणी भरून ठेवलं होतं. वाटेत दत्तोबाने सांगितलं की खालच्या गावांत कुणाला उसण भरली की या वाडीतलं माणूस बोलावतात. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठ मोकळी होते, आणि "वाडीत लाथांना तोटा न्हाई." मी म्हटलं, माझी पाठ ठणठणीत आहे, तू बैलांकडे बघ.

२२ नोव्हेंबर

पहिलं बाळंतपण, कस्तुराबाईचं. काल मी तिला तपासलं होतं. डोकं खाली, लाकडी नळीतून बाळाचे ठोके बेंबीच्या खाली स्पष्ट ऐकू आले होते. आज वेणा सुरू झाल्यावर नळी लावते तर ठोके बेंबीच्या वर, आणि थोड्या वेळाने बाहेर आले ते पाय. पायाळू बाळंतपण म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळतं. पाय येतात, कंबर येते, खांदे येतात आणि सगळ्यात मोठं ते डोकं शेवटी राहतं. तेवढी दोन-चार मिनिटं हात आवरून वाट पाहायची. घाईने ओढलं की संपलं. मूल सुखरूप आहे.

वाडीची सुईण सरुबाई न बोलावता येऊन कोपऱ्यात बसली होती. साठीची, वाळकी, पण पंजे पुरुषासारखे. पाय दिसले तेव्हा ती जरा हसली. मला ते हसू आवडलं नाही.

५ डिसेंबर

दुसरं आणि तिसरं मूलही पायांनी. दोन्ही वेळा आदल्या दिवशी डोकं खाली होतं. पुण्यात तिसांत एखादं मूल असं निघायचं. मी घरोघर जाऊन विचारलं. या वाडीत जन्मलेलं प्रत्येक माणूस पायाळू आहे, म्हातारे धरून. त्यांना त्यात नवल वाटत नाही. नवल मी विचारते याचं वाटतं. एका म्हातारीने तर मलाच विचारलं, "मग तुमच्यात काय डोस्क्यानं येत्यात?" आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

लोणावळ्याच्या डॉक्टरांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की या वयात हाताचा अंदाज चुकू शकतो, विश्रांती घ्यावी. मी नळी लावायला शिकले तेव्हा हे गृहस्थ पाळण्यात होते.

१३ डिसेंबर

अंदाज चुकला नव्हता. आज भागूबाईच्या घरी न सांगता गेले. सरुबाई तिला उताणी निजवून, हाताला तेल लावून, पोटातलं मूल फिरवत होती. डोकं वर, पाय खाली. उलटं मूल सुलटं करण्याची जी कला आम्ही वर्षानुवर्षं घासून शिकलो, तीच ही बाई सुलटं मूल उलटं करायला वापरते. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. मला शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ऐकलं असतं तर माझं नाव काढून टाकलं असतं. तिचं उत्तर एवढंच की "बाई, तुमी पुन्याच्या. हितली दारं तुमाला ठावी न्हाईत." मला तर स्पष्ट दिसतं. लाथांची कीर्ती राहिली पाहिजे आणि तिच्यावाचून कुणाचं अडलं पाहिजे.

भागूबाई पवन मावळातून लग्न होऊन आलेली. तिचं पहिलं मूल गेल्या साली पायांनी आलं आणि डोकं अडकून गेलं, याच बाईच्या हातात. भागूबाई माझा पदर धरून म्हणाली, "मावशी, ह्ये तरी माज्या हातात जित्तं द्या." मी शब्द दिला. मूल पुन्हा फिरवून डोकं खाली आणलं, पोटाला पट्टा बांधला आणि तिला इथे प्रसूतिगृहातच खाटेवर आणून ठेवलं. तिचा नवरा बारकू कुरकुरत होता, त्यालाही दोन शब्द ऐकवले. सरुबाईला उंबऱ्याच्या आत बंदी.

२९ डिसेंबर

मुलगा. दुपारी बाराला, डोकं आधी, एका दमात. सात पौंड. एकदाच खणखणीत रडला आणि गप्प झाला. मी शब्द पाळला.

मात्र वाडीतून कुणी बघायला आलं नाही. भर दुपारी सगळ्यांची दारं लावलेली. सरुबाई तेवढी अंगणात बसून होती. आधी काय आलं, असं तिने विचारलं. डोकं, मी जरा ठसक्यातच सांगितलं. तिने दोन्ही हात कपाळाला लावले. "तोंड दावलंत त्येला." कुणाला, म्हणून विचारलं तर उठून चालती झाली. निव्वळ कांगावा.

३० डिसेंबर

सकाळी मूल थोडं प्यायलं. बाराच्या सुमाराला तोंड मिटलं ते मिटलंच. मान दाराकडे. एका दिवसाच्या मुलाला अशी मान धरता येत नाही. मी सरळ केली, पुन्हा दाराकडे.

दारातून येणाऱ्या उन्हाचा पट्टा मधेच तुटला होता, कुणी उंबऱ्यावर बसल्यासारखा. बाहेर जाऊन पाहिलं. अंगण रिकामं. माझ्या मागे सरुबाईने बाळाला अफू चाटवली असेल अशी शंका आली. त्याच्या ओठांचा वास घेतला. अफू नाही. खाटेखाली, भिंतीमागे, सगळीकडे शोधलं. काही नाही. ती आहे यामागे, एवढं नक्की.

३१ डिसेंबर

पुन्हा बारा. पुन्हा तसंच. अर्धा तास पट्टा तुटलेला. भागूबाईला दिसू नये म्हणून दारात मी स्वतः उभी राहिले. माझी सावली पडली. तिच्या शेजारी ती दुसरी होतीच.

सरुबाई आपल्या घरी होती. बारकूला पाठवून खात्री केली.

१ जानेवारी १९३८

मूल सहा पौंडांच्या खाली. नळी छातीला लावली. त्याचे ठोके भरभर, बारीक. आणि त्यांच्यामागे दुसरे. सावकाश. नळी पुसली, पुन्हा लावली. तेच.

भिंतीला लावून पाहिली — काही नाही. जमिनीला — नाही. दाराच्या फळीला लावली.

तिथे मोठ्याने.

मी ऐकते ते लिहिते. एकतीस वर्षांत या नळीतून नसलेलं कधी ऐकलं नाही.

२ जानेवारी

दूध नाही, पाणी नाही. भागूबाई नुसती माझ्याकडे बघते.

मी सरुबाईच्या दारात गेले. आपण होऊन. तिने पाट दिला, टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. तिने सांगितलं ते असं. "त्ये दारात असतंय. पोराचं तोंड आधी दिसलं की त्येच्या मागं लागतंय. पाय आधी दिसले की त्येला वाटतंय मढं चाललंय, हितं आपलं काम झालंय." मढं नेताना पाय पुढे असतात. खरं आहे. भागूबाईचं पहिलं मूल आपल्या हातात गेलं, ते रोज आठवतं, असं सरुबाई म्हणाली. पण पायांनी आलेलं एखादं जातं. तोंडाने आलेलं एकही राहिलं नाही.

उपाय एकच. बाराला, ते दारात असताना, मूल पाय पुढे करून बाहेर काढायचं, तिरडी नेतात तसं. आणि त्याच्या बदली आत एक माणूस ठेवायचं, तोंडाने जन्मलेलं. मोठ्या माणसाच्या वाटेला ते एरवी जात नाही. त्याचं सावज काढून नेलं की मात्र जातं. वाडीची पायाळू माणसं त्याला दिसतच नाहीत.

म्हणजे भागूबाई. किंवा मी.

भागूबाई म्हणाली, मी राहते. बाळंतिणीने मधे बोलू नये, असं मी तिला सांगितलं.

३ जानेवारी

पावणेबारा. शेठजींना — पुढच्या नर्सला सरुबाईचं ऐकायला सांगावं. तिच्या हातांबद्दल मी वर जे लिहिलं ते चूक. ती मुलं मारत नव्हती. मी —

मूल थंड लागतंय. पण श्वास आहे.

बारा. पट्टा तुटला. सरुबाई बाहेर उभी, भागूबाई मूल घेऊन उठली. पाय पुढे. तिला कडेने सरकावं लागलं, दारात काही नसताना — अंग चोरून —

गेली. उंबरा ओलांडला.

बारा वाजून तीन मिनिटं. बाहेर मूल रडलं. भुकेचं रडणं, मला कळतं. पाज म्हणावं, लगेच —

दार मिटलं. मी लावलं नाही. खाटेवर बसून लिहिते आहे. वॉर्डात वेळ टिपायची सवय. ठोके आता नळीवाचून ऐकू येतात.

फळीतून आत — पाय. आधी पाय. माणसाचे, मोठे, ओले. बारा सहा.

कंबर.

खांदे. हात आवरून वाट पाहायची. एवढंच काम आहे. आता डोकं यायचं. बारा नऊ. ओढायचं नाही. डोकं